आउटबोर्ड बंद पडलं म्हणजे नवंच घ्यायचं?

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत मालवण, देवगड, हर्णैला होड्या वर ओढल्या जातात, आउटबोर्ड इंजिनं उतरतात आणि 'हे काढून नवं घेऊ या का' हा विषय निघतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज गिअरबद्दलचा. इंजिन सुरू होतं, रेस घेतं, पण होडी जागची हलत नाही. लगेच 'गिअर गेले' असं ठरतं. पुष्कळदा बिघाड पंख्यात असतो. पंख्याच्या आतलं रबरी बूश घसरतं, किंवा लहान इंजिनात पंख्याची पिन तुटते. ती तुटावी अशीच मुद्दाम बनवलेली असते, म्हणजे पंखा खडकावर आपटला तरी गिअर वाचतात. नव्या इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ.

'गरम होतंय, म्हणजे संपलं' हेही घाईचं. आउटबोर्ड समुद्राच्याच पाण्यानं थंड होतं आणि ते पाणी वर चढवतो रबरी इंपेलर. वाळूगाळात तो झिजतो, आतल्या वाटांत मीठ साचतं. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की आधी तो बघावा. धार बंद असताना तसंच रेटत बंदरात आणलेल्या इंजिनाची गोष्ट मात्र निराळी. त्याचे पिस्टन ओरबाडलेले असू शकतात.

त्याचा निकाल कॉम्प्रेशनवर लागतो, वयावर नाही. प्लग काढा, गेज लावा, दोरी ओढा. सिलिंडरांच्या आकड्यांत साधारण १० टक्क्यांपर्यंतच फरक असेल, तर दुरुस्तीवर खर्च करायला हरकत नाही. एकात १२० आणि दुसऱ्यात ६० पौंड आले, तर कार्ब्युरेटर कितीही धुतलात तरी उपयोग नाही. रिबोअर करता येतं, पण ब्लॉकच खाऱ्या पाण्यानं खाल्ला असेल तर त्यात पैसे ओतू नयेत.

बुडालेलं इंजिन उन्हात वाळवणं हा तर घातच. हवा लागताच बेअरिंगं गंजू लागतात. गोड्या पाण्यानं धुऊन, प्लग काढून आतलं पाणी काढून, तेल सोडून ते त्याच दिवशी सुरू करायला हवं. मेकॅनिक उद्या येणार असेल, तर तोवर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेलं बरं. चालू असताना बुडालं असेल आणि फिरवताना अडत असेल, तर जोर लावू नका. कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

नवं फोर-स्ट्रोक पेट्रोल वाचवतं, हे खरं. पण ते वजनाला जड, तेव्हा होडीची मागची फळी आधी तपासा. आणि जुन्या मॉडेलचे पार्ट मिळेनासे झाले असतील, तर कॉम्प्रेशन उत्तम असूनही ते ऐन हंगामात अडवणार.