ताप उतरला, सांधे का धरले?

आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीचा मुक्काम आटोपून इंदापूरकडे निघते आणि मागे रानात पावसाळी कामांची घाई सुरू होते. श्रावण-भाद्रपदापर्यंत डबकी भरतात, डास वाढतात, दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी होते. त्यातल्या काहींची तक्रार मात्र तापाची नसतेच. ताप तीन-चार दिवसांत गेलेला असतो. पण सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, मांडी घालून बसता येत नाही, पायरी उतरताना घोटा ठणकतो. पानमळ्यात पाने खुडणाऱ्या बाईची बोटे हीच तिची हत्यारे. ती दोन-दोन महिने सुजलेली राहिली, तर दुखण्याबरोबर रोजही बुडतो. वर घरातले म्हणतात, ‘ताप तर कधीच गेला, आता काय दुखतंय?’

हा चिकुनगुनिया. ताप गेल्यावर सांधे का दुखत राहतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुण्यातच झाला आहे.

या आजाराचा कोंबडीशी काही संबंध नाही. २००६च्या साथीत अनेकांनी त्याला ‘चिकन गुनिया’ केले आणि ताटातून चिकन हद्दपार केले. मूळ शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे. दुखण्याने वाकून गेलेल्या माणसाचे ते वर्णन. टांझानियाच्या त्या भागात १९५२-५३मध्ये आलेल्या साथीत हा विषाणू प्रथम ओळखला गेला. भारतात तो १९६३मध्ये कोलकात्यात सापडला. १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली. गावातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना तिने गाठले. त्यानंतर तीन दशके देशात मोठी साथ आली नाही.

विषाणू मात्र पूर्ण गेला नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘एनआयव्ही’च्या शास्त्रज्ञांना दौंड तालुक्यातील यवत येथे २००० साली चिकुनगुनियाचा विषाणू मिळाला होता. २००५-०६मध्ये साथ भडकली, तेव्हा त्यांनी नव्या-जुन्या विषाणूंची जनुकीय जुळणी करून पाहिली. १९६३ ते १९७३ या काळातले विषाणू आशियाई प्रकारचे होते. यवतचा आणि नव्या साथीचा विषाणू आफ्रिकी प्रकारचा निघाला. एकट्या २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली.

साथ ओसरली, तशी दुसरी रांग सुरू झाली. ही रांग सांधे धरलेल्यांची होती.

पहिल्या फळीचे शिपाई

एडिस डास चावला की विषाणू आधी त्वचेतल्या पेशींत आणि मग रक्तावाटे स्नायू व सांध्यांपर्यंत पोचतो. शरीर लगेच इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून धोक्याची घंटा वाजवते. ताप हा त्या घंटेचाच एक भाग. नेमक्या या विषाणूसाठी प्रतिपिंडे तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात. तोवर किल्ला लढवायला ज्या पेशी पुढे येतात, त्यांत ‘नैसर्गिक मारक पेशी’ म्हणजे एनके पेशी असतात.

१९७०च्या दशकात या पेशींचा शोध लागला, तेव्हा शास्त्रज्ञांना त्यांचे नवल वाटले ते एका गोष्टीचे. शत्रूशी आधीची ओळख नसतानाही त्या बिघडलेली पेशी हेरून मारतात. एनके पेशी शेजारच्या पेशींची जणू ओळखपत्रे तपासत फिरते. विषाणू शिरलेल्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा बदललेल्या असतात. त्या दिसल्या की एनके पेशी तिला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोके पाडते आणि आत घातक विकरे सोडते. घरातच दारूगोळा बनवणाऱ्या शत्रूचे घर पाडावे, तसे हे काम आहे.

एनआयव्हीतील संशोधक डॉ. अनुराधा त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकुनगुनियाच्या रुग्णांतल्या याच पेशींचा अभ्यास केला. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी तीन गटांची तुलना केली: नुकताच आजार झालेले, त्यातून बरे होत असलेले आणि निरोगी. दोन्ही रुग्णगटांच्या रक्तात एनके पेशींचे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळले. या पेशींच्या पृष्ठभागावर ‘मार’ किंवा ‘थांब’ असा इशारा झेलणारे रेणू असतात. त्यांतले काही वाढले होते, काही घटले होते. म्हणजे ताप येताच ही फळी खडबडून कामाला लागते, हे दिसले.

लढाई संपली, धग राहिली

खरा प्रश्न होता महिनोन्महिने दुखणाऱ्या सांध्यांचा. त्यावरचा या गटाचा निबंध २०१७मध्ये ‘ह्यूमन इम्युनॉलॉजी’ या नियतकालिकात आला. यात चिकुनगुनियानंतर जुनाट संधिवात जडलेले रुग्ण होते आणि त्यांच्या जोडीला आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे रुग्ण. आमवातात डासाचा काही संबंध नसतो. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. तरीही दोन्ही गटांत सारखेच चित्र दिसले. एनके पेशींची कार्यक्षमता मंदावलेली होती आणि ‘टीएनएफ-अल्फा’ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढलेली होती. जी फळी तापाच्या दिवसांत तडफेने लढली, ती जुनाट दुखण्यात मलूल पडलेली होती आणि दाहाची भट्टी मात्र चालूच होती.

टीएनएफ-अल्फा हे नाव संधिवाताच्या डॉक्टरांना चांगले परिचित आहे. त्याला अडवणारी औषधे १९९०च्या दशकाअखेरीस आमवातासाठी वापरात आली. चिकुनगुनियाचे जुने दुखणे आमवातासारखे का वाटते, याला पुण्याच्या अभ्यासाने प्रयोगशाळेतला आधार दिला. अर्थात, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. एनके पेशी मंदावल्या म्हणून दाह राहिला, की दाह राहिल्यामुळे त्या मंदावल्या, हे अशा एका अभ्यासावरून ठरवता येत नाही.

मग दाह विझत का नाही? यावर शास्त्रज्ञांत दोन मते आहेत. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६मध्ये सुमारे तिसरा हिस्सा लोकसंख्या आजारी पडली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्यातल्या भक्षक पेशींत संसर्गानंतर १८ महिन्यांनी विषाणूचे अंश सापडले. उलट, कोलंबियातल्या ३८ रुग्णांच्या सांध्यातले पाणी साधारण २२ महिन्यांनी तपासले, तेव्हा त्यात विषाणू मिळालाच नाही. म्हणजे काहींच्या सांध्यात शत्रूचे अवशेष दडून राहत असतील आणि काहींच्या बाबतीत शत्रू गेल्यावरही सैन्याला परतीचा हुकूम मिळत नसेल.

पहिला आठवडा वेगळा, तिसरा महिना वेगळा

रुग्णाच्या दृष्टीने यातून एक सरळ गोष्ट निघते. पहिल्या आठवड्यातला आजार आणि तिसऱ्या महिन्यातला आजार, हे नाव एक असले तरी काम वेगळे आहे.

पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू असतो आणि शरीराची फळी त्याच्याशी लढत असते. या वेळी विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल एवढे बहुतेकांना पुरते. डेंगी नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, कारण डेंगीत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘एका सुईत उभा करतो’ म्हणून दिले जाणारे स्टेरॉइड या दिवसांत टाळावे. ते दुखणे दाबते, पण लढणाऱ्या पेशींचेही हात बांधते.

तीन महिन्यांनंतरही सांधे सुजत असतील आणि सकाळी बराच वेळ आखडत असतील, तर ते वयाचे दुखणे किंवा कामचुकारपणा समजू नये. संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. गरज पडल्यास ते दाह आवरणारी औषधे देतात, पण त्यांवर नियमित रक्ततपासणीची नजर लागते. या टप्प्यावर चिकुनगुनियाची ‘आयजीएम’ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये. ही प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहू शकतात. तेवढ्यावरून विषाणू जिवंत आहे असे ठरत नाही.

सांधेदुखीचा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६मध्ये इंदापूर तालुक्यातल्याच भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली होती. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना सांध्यांची वा स्नायूंची दुखणी होती. ही स्थिती मोठ्या साथीच्या दहा वर्षे आधीची. याच गटाने २००६च्या साथीनंतर ग्रामीण रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. बहुतेक जण बरे झाले, थोड्यांचे दुखणे रेंगाळले. धीर धरायला पहिली गोष्ट पुरेशी आहे आणि दुर्लक्ष न करायला दुसरी.

अमेरिकेत चिकुनगुनियाच्या पहिल्या लशीला २०२३मध्ये मान्यता मिळाली. गावात मात्र भरवशाचा उपाय डासाशीच जोडलेला आहे. एडिस दिवसा चावतो आणि गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. रांजण, हौद, जनावरांच्या पाण्याची टाकी, गोठ्यामागे पडलेला टायर ही त्याची ठिकाणे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. त्या एका कोरड्या दिवसाने पुढचे कितीतरी रोज वाचू शकतात.