तांब्याचं वय वेगळं, मजकुराचं वेगळं

पाचगणीच्या आसपास जुनं काही दिसलं की ते पांडवांच्या नावावर चढतं. टेबललँडच्या गुहेत त्यांनी स्वयंपाक केला, पसरणी घाटाखालची वाई म्हणजे विराटनगरी, पलीकडचा किल्ला तर नावानिशी पांडवगड. जिल्हा गॅझेटियर मात्र त्या किल्ल्याचं श्रेय पन्हाळ्याच्या शिलाहार दुसऱ्या भोजाला देतं, म्हणजे बाराव्या शतकाला. अशा मुलखात नांगराला तांब्याचा पत्रा लागला, तर गावात काय बोललं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

पहिला समज गुप्तधनाचा. ताम्रपट म्हणजे खजिन्याचा नकाशा, आणि तो वाचणारे म्हणजे हंड्याच्या मागावर असलेली माणसं! प्रत्यक्षात बहुतेक जुने ताम्रपट म्हणजे जमिनीचे कागद. दान देणाऱ्या राजाची वंशावळ, घेणाऱ्याचं गोत्र, गावाच्या चतुःसीमा, कोणते कर माफ, आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला साठ हजार वर्षांच्या नरकाची धमकी. सातबारा आणि शाप एकाच पत्र्यावर. (सातारा-सांगलीच्या कित्येक घरांत ‘आमच्याकडे ताम्रपट आहे’ म्हणजे 1972 साली आजोबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला. तो पूर्ण अस्सल आहे, त्यावर वाद नको.)

दुसरा समज असा की पत्रा जिथे सापडला तिथलाच त्याचा इतिहास. साताऱ्यात मिळालेला कुब्ज विष्णुवर्धनाचा ताम्रपट घ्या. हा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा धाकटा भाऊ, साल साधारण 617-18. दान दिलेलं गाव मात्र अलंदतीर्थ, भीमेकाठचं. दान घेणाऱ्याचे वंशज जातील तिथे त्यांच्याबरोबर पत्राही जातो, हे त्याचं साधं कारण. हा ताम्रपट जे. एफ. फ्लीट यांनी प्रसिद्ध केला. फ्लीट मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी, 1883 साली भारत सरकारचे पहिले पुराभिलेखतज्ज्ञ झाले. ताम्रपटाचं वर्णन करताना पत्रे किती, कडा उचललेल्या आहेत का, पत्रे ओवलेली कडी आपल्या हाती आली तेव्हा कापलेली होती की अखंड, हे ते आधी नोंदवत. कारण कडी उघडी असेल तर मधला पत्रा बदलता येतो.

आता सगळ्यात चिवट गैरसमज: धातू जुना ठरला की मजकूरही खरा ठरला.

2011 च्या मार्चमध्ये जॉर्डनची शिशाची पुस्तकं जगभर गाजली. तळहातात मावतील अशी, शिशाच्याच कड्यांनी बांधलेली; ती आद्य ख्रिश्चनांची असावीत असा दावा. त्यामागे ब्रिटिश लेखक डेव्हिड एल्किंग्टन, त्यांच्या पत्नी जेनिफर आणि त्यांनी जमवलेला गट. मार्गारेट बार्कर यांच्यासारख्या नावाजलेल्या बायबल-अभ्यासक बाईंनीही ती गांभीर्याने घ्यावीत असं म्हटलं, तेव्हा हा गट म्हणजे नुसती भोंदूंची टोळी हे म्हणणं अन्यायाचं आहे. पण एल्किंग्टन यांनी स्वतःच ऑक्सफर्डच्या पीटर थोनमन यांच्याकडे वाचनासाठी एक छायाचित्र धाडलं होतं, आणि तिथेच घोळ उघडा पडला. त्या पत्र्यावरची ग्रीक ओळ अम्मानच्या संग्रहालयातल्या, इसवी सन 108-09 च्या एका थडग्याच्या दगडावरून अर्धीमुर्धी उतरवलेली निघाली. हा दगड 1958 मध्येच छापून प्रसिद्ध झालेला. उतरवणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं. ‘अल्फा’ आणि ‘लँब्डा’ ही दोन अक्षरं त्याला सारखीच वाटली होती.

पुढे 2016 च्या सुमारास सरे विद्यापीठात शिसं तपासलं गेलं. नव्याने गाळलेल्या शिशात जी अल्प किरणोत्सारिता असते ती त्यात आढळली नाही, म्हणजे शिसं जुनं. समर्थकांनी हा विजय मानला. पण ही तपासणी शिसं गाळलं कधी ते सांगते, अक्षरं उठवली कधी ते नव्हे. जुन्या देशात जुनं शिसं मिळणं अवघड नसतं. आपल्याकडे वारंवार ऐकू येणारं ‘कार्बन डेटिंग करा की’ हे तर तांब्याला आणि शिशाला लागूच नाही. त्याला लाकूड, हाड, कोळसा असं एकेकाळी जिवंत असलेलं काही लागतं.

मग बनावट ओळखतात कशी? बहुतेक वेळा व्याकरणाने आणि पंचांगाने. गयेच्या, गुप्त सम्राट समुद्रगुप्ताच्या नावावरच्या ताम्रपटाची मुद्रा फ्लीटना अस्सल वाटली, मजकूर नाही. राजाची बहुतेक विशेषणं षष्ठीत आणि नाव मात्र प्रथमेत! म्हणजे कुणीतरी समुद्रगुप्ताच्या मुलाच्या किंवा नातवाच्या ताम्रपटातून, जिथे ‘समुद्रगुप्ताचा’ असा उल्लेख होता, तिथून विशेषणं जशीच्या तशी उचलली आणि विभक्ती बदलायचं विसरला. कर्नाटकातल्या गौज अग्रहाराच्या ताम्रपटाचं तर नाव काढूच नका: दाता साक्षात महाभारतातला जनमेजय, म्हणून लेख पाच हजार वर्षांचा! त्यातल्या सूर्यग्रहणाचं गणित इंग्लंडचे राजज्योतिर्विद एअरी यांनी केलं, तर तारीख आली 7 एप्रिल 1521.

तरी बनावट पत्रा वितळवायचा नसतो. चारपाचशे वर्षांपूर्वी जमिनीवर हक्क सांगण्यासाठी जनमेजयाचं नाव घ्यावंसं का वाटलं, हा इतिहासच आहे. फ्लीट यांनी अशा खोट्या लेखांची यादीच करून छापली होती.

उरला समज की या विषयातली माणसं आपसांत संगनमत करून सत्य दडपतात. संगनमत? या मंडळींचं एकमेकांशी पटायची मारामार. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या कागदांवरून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’चा पहिला खंड काढला, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि मग त्याच मंडळाशी बिनसून ते धुळ्याला गेले. ताम्रपटांतल्या मानपूरच्या राष्ट्रकूटांवरून 1940 च्या दशकात आळतेकर आणि मिराशी हे इतिहासकार भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात जाहीर भिडले. मानपूर काहींनी मध्य भारतात शोधलं होतं. मिराशींनी ताम्रपटातली पाण्डरंगपल्ली म्हणजे पंढरपूर धरून, भोवतालच्या गावांची नावं आजच्या गावांशी जुळवत ते साताऱ्याच्या माण तालुक्यात आणलं. हा वाद कुणालाही तपासता येतो, कारण पत्र्यांचे ठसे आणि वाचन छापलेले आहेत. जॉर्डनच्या पुस्तकांबाबत माझी खरी तक्रार हीच आहे: आधी वर्तमानपत्रांत गाजावाजा, अभ्यासकांपुढे सगळी पानं मांडणं मागाहून.

तेव्हा पत्रा सापडलाच, तर चिंच-मिठाने घासून लखलखीत करू नका. हिरव्या थरातच उथळ अक्षरं तग धरून असतात. कडी कापू नका. कुठे आणि किती खोल मिळाला ते त्याच दिवशी लिहून ठेवा, फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 चा निखात निधी कायदा त्यासाठीच आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी त्यानुसार कळवावं लागतं.