पोरांच्या हाताला काम

रात्री आई विरजण लावते. पोर जवळ येऊन म्हणतं, "मी लावू?" आई म्हणते, "हो बाजूला, सांडशील." पोर बाजूला होतं. आपण सगळेच असं करतो. काम लवकर उरकतं, पण पोराचं शिकायचं राहून जातं.

एकदा त्याला विरजण लावू देऊ. दूध तापवून आईनं उतरवावं. पोराला हात धुवायला लावावे. मग म्हणावं, "भांड्याला बाहेरून हात लाव. कोमट झालं का?" झालं, की त्यानं चमचाभर दही घालून ढवळावं. सकाळी दही लागतं. ते कसं? दह्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. कोमट दुधात ते भराभर वाढतात. दूध फार गरम असलं तर मरतात. एखाद्या दिवशी पोर घाई करील, दही लागणार नाही. रागावू नये. "का बरं लागलं नाही?" एवढंच विचारावं. ते आपणच विचार करू लागेल.

जोंधळे मोजतानाही तसंच. चार शेरांची एक पायली. आठ पायल्या दळायला काढल्या, तर शेर किती? पाटीवर अडलेला पाढा मापावर सुटतो.

ही काही नवी गोष्ट नाही. हल्लीच्या पालघर जिल्ह्यात बोर्डी गाव आहे. तिथं 1945 साली ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. महागडी खेळणी त्यांनी आणली नाहीत. गावातले खडे, शिंपले, पानं, बिया घेऊनच मुलं शिकली.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. झाडलोट, भांडी, पाणी, धाकटं भावंड, सारं मुलीच्या माथी. मुलगा अंगणात गोट्या खेळतो. भाकरी काय एकटी मुलगीच खाते? मुलानंही आपलं ताट घासावं, पीठ मळावं. आणि कामापायी मुलीची शाळा बुडाली, तर ते शिकणं नव्हे, ती वेठ झाली. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला फुकट शाळा, हा 2009 च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे.

चूल, विळी आणि विहिरीचा काठ यांपासून लहानग्यांना दूरच ठेवावं. बाकी कामं पुष्कळ आहेत. आज रात्री पोराला मटकी भिजत घालू द्या. उद्या सकाळी ती ओल्या फडक्यात बांधू द्या. परवा फडकं सोडताना त्याचं तोंड बघा.