घरचा पत्ता न देता दुकान कसे दिसेल?

ईद आठवड्यावर आली की घरगुती नानखटाईची चौकशी सुरू होते. पूर्वी ती शेजारणीकडून किंवा बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडून व्हायची, आता मोबाइलवर होते. कुणी ‘जवळची बेकरी’ असे शोधतो, कुणी ‘चिपळूण घरगुती नानखटाई’ असे लिहितो, कुणी माइकचे बटण दाबून बोलतो, तर कुणी नुसते फोटो सरकवत बसतो. विचारतात सगळे गुगललाच, पण सगळ्यांना एकच पान दिसत नाही. एकाला नकाशा दिसतो, दुसऱ्याला वेबसाइटची यादी, तिसऱ्याला फोटो, व्हिडिओ किंवा भावासह वस्तू; आणि कधी कधी सगळ्यांच्या वर यंत्राने तयार केलेले उत्तर.

म्हणून ‘आमची वेबसाइट आहे, तरी ऑर्डर येत नाही’ अशी तक्रार ऐकली की आधी विचारावे लागते, यांपैकी नेमके कुठे दिसत नाही? घरून व्यवसाय करणाऱ्या आपल्या भगिनींच्या बाबतीत तर त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो. दुकान दिसावे, पण घर दिसू नये, असे होऊ शकते का? घराचा पत्ता, बाईचा चेहरा, खासगी नंबर सगळ्या जगापुढे जाईल या धास्तीने अनेक कुटुंबे हा मार्गच टाळतात. धास्ती खोटी नाही. पण त्यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

समजा, चिपळूणमध्ये मायलेकी घरीच नानखटाई, शेवया आणि कोकणी मसाला बनवतात. त्यांनी सुरुवात नकाशापासून करावी. नकाशावर येण्यासाठी वेबसाइट पुरत नाही. ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ नावाची वेगळी नोंद करावी लागते. नोंद करताना पत्ता मागतात, पण ‘ग्राहक आमच्याकडे येत नाहीत, आम्ही पोहोचवतो’ असा पर्याय निवडला की पत्ता लोकांना दिसत नाही. त्याऐवजी आपण माल कुठे पोहोचवतो ती गावे किंवा पिनकोड दिसतात. असे वीसपर्यंत भाग देता येतात. खात्री पटवण्यासाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात ओव्हन, वजनकाटा, डबे, लेबल असे कामाचे सामान दाखवावे. चेहरा दाखवण्याची गरज नाही आणि तो व्हिडिओ लोकांसमोर येत नाही. नंबरासाठी व्यवसायाचे वेगळे सिम घेतलेले बरे. एक अट मात्र आहे. ग्राहकाची प्रत्यक्ष भेट व्हायला हवी, म्हणजे निदान आपला माणूस त्याच्या दारापर्यंत जायला हवा. फक्त कुरिअरने माल पाठवणाऱ्यांना ही नोंद करता येत नाही. त्यांनी पुढच्या प्रकारांवर भर द्यावा.

नकाशात कोण वर येणार हे ठरवताना आपण तीन गोष्टी पाहतो, असे गुगल सांगते: विचारलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. मेळ आहे, पण त्यासाठी नावातच ‘चिपळूण बेस्ट नानखटाई होम डिलिव्हरी’ असे कोंबू नये. पाटीवर किंवा लेबलवर जे नाव आहे तेच द्यावे; नाव फुगवल्यास नोंद बंद होऊ शकते. प्रसिद्धीत लोकांचे अभिप्राय येतात. ते सर्वांकडे मागावेत, पण पाच ताऱ्यांच्या बदल्यात सूट देणे नियमाविरुद्ध आहे. नातेवाईकांना बसवून अभिप्राय लिहून घेणे हा तर सरळ खोटेपणा झाला.

वेळेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. रमजानमध्ये कामाचे तास पार बदलतात. दुपारी सगळे बंद, आणि इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत चालू. नोंदीत मात्र वर्षभर ‘सकाळी १० ते रात्री ८’ हेच राहते. दुकान त्या क्षणी उघडे आहे की नाही, याचाही क्रमावर परिणाम होतो. ठरावीक तारखांसाठी खास वेळ भरण्याची सोय तिथे आहे. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजसाठी मधे बंद ठेवत असाल, तर त्या दिवसाचे दोन भागही करता येतात. पाच मिनिटांचे काम आहे.

आता फोटो. गुगलने फोटोंचा वेगळा शोध २००१ मध्ये सुरू केला. त्यामागची हकिकत गुगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांनी पुढे सांगितली. २००० च्या ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर लोपेझ या गायिकेने घातलेला हिरवा पोशाख पाहायला लोक गुगलवर तुटून पडले, आणि गुगलकडे देण्यासाठी फक्त मजकुराचे दुवे होते. लोकांना वर्णन नको होते, पाहायचे होते. मग २००७ मध्ये फोटो, व्हिडिओ, नकाशे, बातम्या सगळे एकाच पानावर मिसळून दाखवायला सुरुवात झाली.

खाण्याच्या किंवा शिवणकामाच्या व्यवसायात गिऱ्हाईक अजूनही आधी पाहते, मग वाचते. अबाया शिवणाऱ्या भगिनींनी मॉडेल कुठून आणायची, याची चिंता करू नये. हँगरवर टांगलेला अबाया, बाहीवरच्या कामाचा जवळून घेतलेला फोटो, कापडाची घडी एवढे पुरते. पण फोटोची फाइल कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावाने तशीच टाकली, तर यंत्राला फारसे काही कळत नाही. फाइलला ‘काळा क्रेप अबाया’ असे साधे नाव द्यावे, वेबसाइटवर फोटोसोबत वर्णनाची जागा असते ती भरावी आणि शेजारी दोन ओळी लिहाव्यात. तोच फोटो दहा दुकानांनी घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेला असेल, तर आपला उठून दिसायला कारणच उरत नाही.

आणि तो पोस्टर! आपल्याकडे सगळी माहिती एका रंगीत पोस्टरमध्ये भरायची सवय आहे: भाव, वजन, नंबर, वर ‘ईद मुबारक’, कोपऱ्यात चंद्र. व्हॉट्सॲपवर ते ठीक. वेबसाइटवर फक्त तेच चिकटवले, तर यादीतल्या शोधासाठी ते पान जवळजवळ कोरे असते. ‘अर्धा किलो नानखटाई, साजूक तुपाची, अंडे नाही, पंधरा दिवस टिकते’ हे अक्षरांत लिहायला हवे. एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांकही तिथेच द्यावा.

साध्या यादीत गिऱ्हाईक कुठे उभे आहे याला नकाशाइतके महत्त्व नसते. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला चिपळूणच्या आईवडिलांकडे ईदचा डबा पाठवायचा असेल, तर तो गावाचे नाव लिहून शोधणार. म्हणून ‘आम्ही चिपळूण, खेड, गुहागर येथे पोहोचवतो, पैसे परदेशातूनही भरता येतात’ असे वाक्य पानावर असेल तर तो आपल्याला सापडतो. प्रत्येक जण शब्दही वेगळा वापरतो. कुणी बुरखा म्हणतो, कुणी अबाया. कुणी देवनागरीत लिहितो, बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी. शब्दांची माळ लावू नये, पण वर्णनात हे पर्याय सहज येऊ द्यावेत.

व्हिडिओसाठी यूट्यूब पुरेसे आहे. हात आणि परात दिसली तरी चालते. वर्णनात वेळेनुसार भाग पाडले, पहिला ०:०० पासून धरून किमान तीन, की शोधणाऱ्याला नेमक्या भागावर जाता येते. भावासह वस्तू दाखवण्यासाठी ‘मर्चंट सेंटर’मध्ये माल नोंदवावा लागतो; त्याची जाहिरातीविना नोंद फुकट असते.

यंत्राने लिहिलेले उत्तर भारतात ऑगस्ट २०२४ पासून इंग्रजी आणि हिंदीत दिसू लागले. त्यात येण्यासाठी खास युक्ती विकणारे लगेच बाजारात उतरले. गुगलचे म्हणणे मात्र असे, की त्यासाठी वेगळी खूण किंवा कोड लागत नाही. जे पान साध्या शोधात चांगले, तेच इथेही उपयोगी. ‘पहिला नंबर हमखास’ म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नयेत, कारण तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवले आहे. प्रश्नोत्तरांचा कोड लावून देतो, असे सांगणारेही भेटतात. २०२३ मध्ये प्रश्नोत्तरांची ती खास मांडणी सरकारी आणि आरोग्यविषयक प्रतिष्ठित साइटपुरती राखली गेली. पानावर प्रश्नोत्तरे जरूर असावीत, पण गिऱ्हाइकासाठी.

फुकटच्या जागेवर सगळे उभे करण्यातही धोका असतो. बिझनेस प्रोफाइलसोबत गुगल छोटी वेबसाइट फुकट देत असे. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद झाल्या. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यायला वर्षाला थोडे पैसे लागतात, पण ते आपले असते. ते घरातल्या माणसाच्या ईमेलवर घ्यावे, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे.

मग ‘सर्च कन्सोल’ हे फुकट साधन जोडावे. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले हे त्यात दिसते, आणि साधा शोध, फोटो, व्हिडिओ असे वेगवेगळे पाहता येते. फोटोंत दिसतो पण कुणी दाबत नाही, म्हणजे फोटो बदलायचा.

नवे पान गुगलच्या नजरेत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. ईदचे पान चांदरातीला टाकून उपयोग नाही. ते शाबानमध्येच तयार असावे. आणि दर वर्षी नवे पान बनवू नये. तेच पान, तोच दुवा ठेवावा, फक्त भाव, तारखा आणि ऑर्डर घेण्याचा शेवटचा दिवस बदलावा.