घाट चढायचाय? आधी बाटली लावा!

जुनी पद्मिनी, कर्जतचा वीकएण्ड आणि बॉनेटखालून येणारी वाफ... या स्टोरीचा एण्ड बदलायला एक छोटीशी बाटली पुरते. फक्त तिचं काम काय आणि काय नाही, हे आधी समजून घ्या!

डोंगर चढायचा तर पाण्याची सोय आधी, हे कर्जत तालुक्याला शिकवायला नको. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीच्या वाटेवर चक्क ‘वॉटर पाईप’ नावाचं स्टेशन आहे. १९०७ साली ही लाइन सुरू झाली. वाफेची इंजिनं तिथे थांबून पाणी प्यायची आणि मग पुढचा चढ घ्यायची. आज आपण त्याच डोंगराला गाडीनं भिडतो. नेरळहून दस्तुरी नाका असो की खोपोलीहून बोरघाटातून खंडाळा, खालचा गिअर, कमी स्पीड आणि इंजिनावर फुल्ल लोड. नव्या गाडीला काही वाटत नाही. जुनी मात्र तापते.

माझ्याकडे बाबांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हापासून आमच्या घरात हिचा भाव आणखीनच वाढलाय! प्रत्येक घाटानंतर रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. ‘पाणी पिते गाडी,’ असं बाबा कौतुकानं सांगायचे. खोपोलीच्या मेकॅनिककाकांनी मात्र कॅपखालची बारीक नळी दाखवली. तिचं दुसरं टोक थेट रस्त्याकडे!

‘पीत नाही रे, फेकते,’ काका म्हणाले. ‘फेकलेलं परत मिळायची सोयच नाही तिला.’

फंडा काय आहे?

पाणी तापलं की फुगतं. थंड पाणी उकळीपर्यंत गेलं, तर साधारण चार टक्के वाढतं. म्हणजे सिस्टिममध्ये पाच लिटर असेल, तर जवळपास पाव लिटर जास्तीचं होतं. प्रेशर वाढलं की कॅपमधला व्हॉल्व्ह उघडतो आणि हे जास्तीचं पाणी नळीतून बाहेर पडतं. गाडी थंड झाली की आतलं पाणी आकसतं. मोकळ्या जागेत हवा शिरते. पुढच्या वीकएण्डला तुम्ही तेवढ्याच कमी पाण्यावर निघता!

नळीच्या टोकाला बाटली लावली की हिशेब बदलतो. गरम असताना कूलंट बाटलीत जातं, थंड झाल्यावर आतल्या ओढीनं परत रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर कायम काठोकाठ. आत हवा नाही, त्यामुळे गंजही कमी. शिवाय इथिलीन ग्लायकॉलवालं कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. ते रस्त्यावर सांडून कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागण्याची भीतीही टळते.

कॅप बदलली नाही, तर सगळं फुकट

इथेच बहुतेक जुगाड फसतात. जुन्या कॅपला बऱ्याचदा आतलं एकच सील असतं. अशी कॅप पाणी बाहेर सोडते, पण परत ओढताना वरून हवाच घेते. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा! त्यामुळे वरच्या बाजूलाही सील असलेली आणि परतीचा व्हॉल्व्ह असलेली कॅप घ्या. ती रेडिएटरच्या तोंडात नीट बसते का, बघून घ्या. प्रेशर कंपनीनं दिलं होतं तेवढंच ठेवा. जास्त प्रेशरला पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण तो ताण जुन्या होजना आणि रेडिएटरच्या जोडांना सोसायचा असतो.

काकांची चेकलिस्ट

• बाटली एखाद लिटरची, गाडीसाठीच बनवलेली. पाण्याची रिकामी बाटली नको. ती उष्णतेनं मऊ पडते आणि कुणीतरी ती पिण्याचं पाणी समजू शकतं.
• जागा रेडिएटरजवळ. पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब.
• नळी बाटलीच्या तळापर्यंत, टोक कायम कूलंटमध्ये बुडालेलं. नाहीतर गाडी हवाच ओढेल.
• बाटलीचं झाकण हवाबंद नको.
• रेडिएटर काठोकाठ, बाटली एक तृतीयांश. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, इंजिन थंड असताना, लेव्हल पुन्हा बघा.
• जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला चालेल असंच कूलंट, डिस्टिल्ड वॉटरसोबत. दोन प्रकार मिसळू नका.

बॉडीला नवीन भोकं पाडू नका, आधीच्याच बोल्टवर ब्रॅकेट बसवा. पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनी वेगळी ‘व्हीए’ नंबर सिरीज आणली. त्यामुळे गाडी जितकी ओरिजिनल, तितकी चांगली. बाटली उद्या काढली, तरी खूण उरायला नको.

बाटली म्हणजे औषध नव्हे!

बाटली गाडी थंड करत नाही. चोंदलेला रेडिएटर, सैल फॅनबेल्ट किंवा अडकलेला थर्मोस्टॅट असेल, तर बाटली लावूनही गाडी उकळणारच. घाटात तसंच रेटत राहिलात, तर हेड गॅस्केट उडतं, हेडही वाकू शकतं. मग वीकएण्डच काय, महिन्याचा पगारही गेला!

पण बाटली बोलते. लेव्हल दर आठवड्याला उतरत असेल, तर कुठेतरी लीक आहे. इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटवर संशय घ्या. वर तेलाचा तवंग दिसला, तर गाडी तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. पूर्वी हे सगळं रस्त्यावर सांडून जायचं, कुणाला कळायचंही नाही.

आणि काटा लाल रंगाकडे सरकलाच, तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. कॅपला हात लावू नका! आत प्रेशरखाली दाबलेलं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन उसळतं आणि हात-तोंड भाजतं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. घाटातला वारा खा, फोटो काढा. पन्नाशीच्या गाडीला तेवढा दम खायचा हक्क आहेच की!