विश्लेषण : ‘लोडिंग’चे चक्र फिरत असताना ॲपच्या आत काय चालते?

लातूर, नांदेडमध्ये सोयाबीनची ई-पीक पाहणी करायची तर शेतकऱ्याला मोबाइल घेऊन बांधावर जावे लागते. गट क्रमांक निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा, उपग्रहाकडून जागेची खूण मिळेपर्यंत थांबायचे आणि मग माहिती सर्व्हरकडे पाठवायची. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ही नोंद सातबाऱ्यावर चढते. हमीभावाच्या खरेदीसाठी नाव नोंदवतानाही ती विचारली जाते. त्यामुळे या ‘थांबण्या’ला पैशांचे मोल आहे.

थांबणे म्हणजे गोठणे का?

सर्व्हरचे उत्तर यायला अर्धा सेकंद लागेल की अर्धा तास, हे प्रोग्रॅमला आधी ठाऊक नसते. उत्तर येईपर्यंत दुसरे काहीच न करणे म्हणजे ‘सिंक्रोनस’ पद्धत. पडद्याचे काम पाहणारा मुख्य धागाच असा अडकून बसला, तर बोट लावूनही काही हलत नाही. अँड्रॉइड साधारण पाच सेकंद वाट पाहतो आणि मग ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी झळकवतो.

‘असिंक्रोनस’ पद्धत हमीभाव खरेदी केंद्रासारखी चालते. शेतकरी नाव नोंदवून घरी जातो, एसएमएस आला की माल घेऊन येतो. मधल्या दिवसांत तो केंद्राच्या दारात बसून राहत नाही.

कॉलबॅकचा गुंता

‘काम झाले की हे फंक्शन चालव’ असे आधीच सांगून ठेवणे म्हणजे कॉलबॅक. १९९५ मध्ये आलेल्या जावास्क्रिप्टमध्ये बरीच वर्षे हाच राजमार्ग होता. एका कामापुरता तो सोपा आहे. पण जागा मिळाली की फोटो, फोटो गेला की नोंद, नोंद झाली की पोच, असे एकाच्या पोटात दुसरे घालत गेले की कोड उजवीकडे सरकत जातो. प्रोग्रॅमर त्याला वैतागून ‘कॉलबॅक हेल’ म्हणतात. खरा धोका मात्र दिसण्यात नाही. प्रत्येक पायरीवर चूक वेगळी हाताळावी लागते. एका ठिकाणी विसरले, तर ती चूक कोणालाही न कळता गडप होते.

पावती आणि ‘अवेट’

२०१५ च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘प्रॉमिस’ आले. ही एक प्रकारची पावती. काम प्रलंबित, पूर्ण किंवा फसलेले, एवढ्याच तिच्या अवस्था. एकदा निकाल लागला की तो बदलत नाही. पावत्यांची साखळी करता येते आणि कुठल्याही कडीतील चूक शेवटी एकाच जागी पकडता येते.

त्यावरचा पुढचा टप्पा ‘असिंक-अवेट’. सी-शार्पमध्ये तो २०१२ ला, तर जावास्क्रिप्टमध्ये २०१७ ला आला. कोड वरून खाली, साध्या गोष्टीसारखा वाचता येतो. ‘अवेट’पाशी तेवढे एक फंक्शन थांबते, बाकी ॲप चालूच राहते.

सोय झाली, पण आळसही आला. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन विनंत्या एकामागून एक ‘अवेट’ केल्या आणि प्रत्येकीला तीन सेकंद लागले, तर नऊ सेकंद जातात. एकत्र सोडल्या तर तीनच्या आसपास. याउलट जिथे थांबायलाच हवे तिथे ‘अवेट’ लिहायचे राहिले, तर सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच पडद्यावर ‘यशस्वी’ उमटते. शेतकरी निर्धास्त होतो आणि नोंद कुठेच नसते.

उत्तर आलेच नाही तर?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण परतीची पोच रेंजअभावी हरवली, असेही घडते. मग वापरणारा पुन्हा बटण दाबतो. अशा वेळी दुहेरी नोंद टाळण्यासाठी मोबाइलच प्रत्येक नोंदीला एक स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनीच पोच परत पाठवतो.

रेंज नसलेल्या शिवारासाठी माहिती आधी मोबाइलमध्ये साठवून नंतर पाठवण्याचा मार्ग आहे. तिथे ‘जतन झाले’ आणि ‘अपलोड झाले’ या दोन वेगळ्या अवस्था असतात. चांगले ॲप त्या वेगवेगळ्या शब्दांत दाखवते. सातबाऱ्याच्या दृष्टीने दुसरीच मोजली जाते.