विश्लेषण : कोकण किनाऱ्याच्या ‘बकेट लिस्ट’मध्ये फेरीबोटीचा क्रमांक पहिला का हवा?

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलेली पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. लहानपणीचा किनारा पुन्हा एकदा सलग पाहायचा, अशी यादी करून अनेक जण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत निघतात. यादीतले किल्ले, देवळे, किनारे कुठे जाणार नाहीत. खाडी ओलांडण्याची रीत मात्र बदलते आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाडीपूल प्रस्तावित असून काही ठिकाणी कामेही हाती घेण्यात आली आहेत.

मूळ आठवण कशाची?

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधी चाकरमान्याकडे दोनच वाटा होत्या, घाटातून येणारी एसटी आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आजही घरोघरी निघतात. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकायची आणि पडाव माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या किनाऱ्यावर आणायचे. पावसाळ्यात सारे बंद. या प्रवासाला भीतीचीही किनार होती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी गेले. गटारी अमावास्येच्या त्या दिवसाची आठवण अलिबाग परिसरातील जुनी माणसे अजून काढतात.

ही बोट रेल्वे येण्याआधीच बंद पडली. त्यामुळे यादीतली ही नोंद आता पूर्ण होणे नाही. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सोयीची आहे, पण तिचा रुबाब वेगळा. वातानुकूलित दालनात बसून आजोळची आठवण येईलच असे नाही. जुन्या बोटीच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी गोष्ट उरते ती खाडीतली फेरीबोट.

या फेऱ्या नेमक्या कुठे?

उत्तरेकडून निघाले की मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी ही राजपुरी खाडीतली पहिली फेरी. मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडला ते वेश्वी, म्हणजे सावित्री नदीची बाणकोट खाडी. इथे रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. दापोलीच्या पुढे दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची खाडी आणि गुहागर सोडल्यावर तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीची. बोटीची लोखंडी फळी किनाऱ्यावर टेकते. दुचाकी, मोटारी, टेम्पो, पाट्या घेतलेल्या बायका, शाळेची मुले सगळे एकत्र चढतात. प्रवास काही मिनिटांचा, पण तो टाळला तर वळसा मोठा. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने जायचे तर खेड, चिपळूण गाठावे लागते. समोरचे गाव डोळ्यांना दिसते आणि गाडीला सापडत नाही, ही कोकणच्या भूगोलाची जुनीच गंमत. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड, पण त्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी खूप आत शिरते. म्हणून किनाऱ्याने सरळ रस्ता कधी झालाच नाही.

मग पूल नकोत का?

हवेत. पर्यटकाची हुरहुर हा पुलाला विरोध करण्याचा मुद्दा होऊ शकत नाही. फेरीला वेळ असते, रात्री ती थांबते. बाळंतीण किंवा हृदयविकाराचा रुग्ण पलीकडच्या दवाखान्यात न्यायचा असेल, तेव्हा खाडीचे सौंदर्य कुणी पाहत नाही. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून सागरी महामार्गाची चर्चा आहे आणि स्थानिकांचा प्रश्न ‘पूल कशाला’ हा नसून ‘पूल कधी’ हा आहे. बाणकोट खाडीत तर अर्धवट राहिलेले खांब पाहत प्रवाशांनी वर्षानुवर्षे फेरीने खाडी ओलांडली. पूल झाल्यावर मोटारी तिकडे वळतील आणि मोटारींच्या भाड्यावर चालणारी बोट केवळ पायी प्रवाशांवर तग धरणे कठीण. धक्क्यावरच्या चहा-वड्याच्या टपऱ्यांचेही गणित त्यात आले.

यादी कोणत्या महिन्यात पूर्ण होते?

सगळे एका फेरीत जमत नाही, आणि इथेच अनेकांचा बेत फसतो. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची तर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. हापूस मनसोक्त हवा तर एप्रिल-मे. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजा पापलेट’ समोर आला तर तो बहुधा शीतगृहातला समजावा. एकच फेरी शक्य असेल त्यांनी मार्चचा उत्तरार्ध धरावा. कासवेही मिळतात, होड्याही चालू असतात, आंबा थोडा महाग पडतो इतकेच. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्याने सुट्ट्यांत तिथे गर्दी धरूनच चालावे.

यादीत सहसा नसते, पण असावे असे काय?

रापण. मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते वाळूवर ओढून आणतात. दोराला हात लावणाऱ्याला वाटा देण्याची रीत आहे. पर्ससीन जाळ्यांनी मासा खोल पाण्यातच उचलला जाऊ लागला, तसा रापणीचा घास कमी झाला. त्यावरून संघर्ष झाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. रापणीचे वेळापत्रक कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. पहाटे किनाऱ्यावर जायचे, होडी पाण्यात उतरताना दिसली तर थांबायचे. जाळे काठाला यायला तास-दोन तास सहज लागतात, आणि कधी त्यात मूठभर मासळीच येते.